आरईआयचं सभासदत्व की पॅटागोनियाचं जाकीट?

अमेरिकेत नवीन आलेल्या मराठी घरात पहिल्या थंडीच्या तोंडावर एक चर्चा ठरलेली असते: जाकीट कुठून घ्यायचं? त्यात कोणीतरी सांगतं, ‘आरईआय आणि पॅटागोनिया दोघंही निसर्गासाठी पैसे देतात.’ आरईआय म्हणजे कॅम्पिंग-गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानांची साखळी, पॅटागोनिया ही भटकंतीचे कपडे बनवणारी कंपनी. दोघं पैसे देतात खरे, पण दोघांची तऱ्हा वेगळी.

आरईआय आपल्याला पटकन कळते, कारण ती चक्क सहकारी संस्था आहे. १९३८ साली सिअ‍ॅटलच्या लॉइड आणि मेरी अँडरसन या गिर्यारोहक जोडप्याला परवडणारी आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फावर चढताना वापरायची कुऱ्हाड, हवी होती. ती त्यांनी ऑस्ट्रियातून मागवली आणि मित्रांना जमवून संस्थाच काढली. आज सभासदत्वाची फी एकदाच ३० डॉलर, जन्मभरासाठी. पूर्ण किमतीला घेतलेल्या बहुतेक मालावर साधारण १० टक्के दरवर्षी खात्यात जमा होतात. म्हणजे ३०० डॉलरची खरेदी झाली की फी वसूल. वस्तू परत करायला सभासदाला वर्षभराची मुदत, इतरांना ९० दिवस. वापरलेला मालही मिळतो आणि काही दुकानांत तंबू भाड्याने मिळतो. वर्षातून दोनदा कॅम्पिंगला जाणाऱ्याने तंबू विकत घेऊन गॅरेजमध्ये ठेवायचा कशाला?

त्यांची देणगी मुख्यतः पायवाटा राखणाऱ्या आणि लोकांना घराबाहेर काढणाऱ्या संस्थांना जाते. २०१५पासून ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे खरेदीच्या ऐन झुंबडीच्या दिवशी, दुकानं बंद असतात. मात्र शिकवणीचे वर्ग आणि सहली चालवणारा विभाग जानेवारी २०२५मध्ये बंद झाला, त्यामुळे त्या आशेने सभासद होऊ नका.

आणि सहकार म्हटलं की राजकारण आलंच. त्याच जानेवारीत आरईआयने अंतर्गत खात्याच्या मंत्रिपदासाठी तेल काढण्याचे समर्थक असलेल्या डग बर्गम यांना पाठिंबा देणाऱ्या पत्रावर सही केली. राष्ट्रीय उद्यानं या खात्याकडे, आणि सरकारी जमिनीवर तेल काढायचे परवानेही याच खात्याकडे. एप्रिलमध्ये आरईआयच्या नव्या मुख्याधिकाऱ्यांनी माफी मागून पाठिंबा मागे घेतला. पुढे संचालक मंडळाने उभे केलेले उमेदवार सभासदांनी मतदानात पाडले. आपल्या साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्यांना हे वाचून घरी आल्यासारखं वाटेल.

पॅटागोनियात सभासद नाहीत, मतदानही नाही. ही एका माणसाने, इव्हाँ शुइनार यांनी, १९७३ साली उभी केलेली कंपनी. २०२२मध्ये त्यांच्या कुटुंबाने मालकी सोडली. मताधिकार असलेले २ टक्के शेअर एका ट्रस्टकडे गेले, उरलेले ९८ टक्के निसर्गरक्षणासाठी खर्च करणाऱ्या संस्थेकडे. धंद्यात न गुंतवलेला नफा तिकडे जातो. त्याआधी १९८५पासूनच विक्रीचा एक टक्का पर्यावरणासाठी देणं चालू आहे. विक्रीचा, नफ्याचा नव्हे, हे महत्त्वाचं. नफा कागदावर कमी दाखवता येतो, विक्री लपवणं कठीण. ही मंडळी भांडतातही. २०१७मध्ये युटामधल्या बेअर्स इअर्सचं संरक्षित क्षेत्र आक्रसलं, तेव्हा यांनी थेट सरकारला कोर्टात खेचलं.

किमती मात्र अंगावर येतात, आणि तंबू-स्टोव्ह इथे मिळत नाहीत, भर कपड्यांवर. दिलासा एवढाच की फाटलं तर दुरुस्त करून देतात आणि जुने कपडेही विकतात.

मला विचाराल तर निर्णय घरातल्या माणसांवर आहे. वाढत्या वयाच्या मुलांना दर हिवाळ्याला नवं माप लागतं, तिथे आरईआयच्या वापरलेल्या मालाला तोड नाही. दहा वर्षं टिकवायचं एकच जाकीट हवं असेल आणि आपले पैसे जमिनी-नद्यांच्या लढाईला जावेत असं वाटत असेल, तर पॅटागोनिया. शिवाय आरईआयच्या दुकानात पॅटागोनियाचा मालही असतो. सभासद होऊन तो तिथेच पूर्ण किमतीला घेतलात, तर दहा टक्के तुमच्या खात्यात येतील आणि पॅटागोनियाचा एक टक्का निसर्गासाठी जाईलच.