अँटिक, व्हिंटेज आणि नवे फर्निचर: तिन्ही प्रकार वापरल्यानंतरचे परीक्षण

फर्निचर घ्यायला निघालेल्या माणसासमोर अँटिक, व्हिंटेज आणि नवे अशा तीन पाट्या असतात, आणि त्यांपैकी फक्त पहिल्या पाटीला नियमाचा थोडाफार आधार आहे. आंतरराष्ट्रीय जकात वर्गीकरणात १०० वर्षांहून अधिक जुन्या वस्तूंसाठी ९७०६ हे स्वतंत्र शीर्षक आहे आणि जाणकार विक्रेतेही साधारणपणे हीच मर्यादा पाळतात. ‘व्हिंटेज’ला अशी काटेकोर व्याख्या नाही; काही दशके जुनी, पण शंभरी न गाठलेली वस्तू असा त्याचा ढोबळ अर्थ घेतला जातो, आणि त्या ढोबळपणाचा फायदा घेऊन कालपरवाचे कपाटही त्यात खपवले जाते. या तिन्ही प्रकारच्या वस्तू रोजच्या वापरात ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे की वस्तूच्या वयाआधी तिचे सांधे पाहावेत. ती सुटी करून, दुरुस्त करून पुन्हा जोडता येते की नाही, यावर तिचे पुढचे आयुष्य ठरते.

अँटिक वस्तू पाहताना दर्शनी नक्षीत अडकू नये. खण पूर्ण बाहेर काढावा आणि त्याचे कोपरे, तळ व मागची फळी पाहावी, कारण कारागिराने तिथे देखाव्यासाठी काहीच केलेले नसते. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्याचे (पंख्यासारखे रुंद होत जाणारे दाते एकमेकांत अडकवून केलेला कोपऱ्याचा जोड) दाते थोडे कमीअधिक रुंदीचे असतात आणि त्यांच्या बुडाशी आखणीची बारीक रेघही अनेकदा राहून गेलेली दिसते. यंत्राने कापलेले दाते सहसा सगळे एकसारखे असतात. फळीच्या रंधा न मारलेल्या बाजूवर कमानदार ओरखडे असतील, तर ती गोल करवतीने कापलेली आहे, आणि अशा करवतींचा वापर एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरला; तेव्हा ‘अठराव्या शतकातील’ म्हणून दाखवलेल्या मेजाखाली ते दिसले तर किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत. टोकदार स्क्रू सर्रास मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, त्याआधीचे स्क्रू बोथट असत. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या फिलिप्स स्क्रूचे पेटंट तर १९३६ मधले आहे. अर्थात असा एखादा स्क्रू सापडला म्हणून सगळी वस्तू खोटी ठरत नाही. बिजागरी बदलली जाणे स्वाभाविक आहे. फक्त ती बदलल्याचे विक्रेत्याने आपण विचारण्याआधी सांगितले पाहिजे.

मला सर्वांत आवडणारी परीक्षा गोल टेबलाची आहे. लाकूड वाळत जाते तसे ते आपल्या धाग्यांच्या रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे सलग लाकडाच्या जुन्या गोल टेबलाचा व्यास रेषांच्या दिशेने आणि त्यांच्या आडवा असा दोनदा मोजला, तर बहुधा थोडा फरक सापडतो. शंभर वर्षांचे म्हणवणारे टेबल अगदी काटेकोर गोल भरले, तर विक्रेत्याला आणखी प्रश्न विचारायला हरकत नाही. याशिवाय एका कपाटाचा वरचा भाग दुसऱ्याच कपाटाच्या बैठकीवर बसवून दोन्ही मिळून एकच अँटिक म्हणून विकण्याचा उद्योगही जुना आहे. दोन्ही भागांच्या मागच्या फळ्यांचे लाकूड, रंग आणि जाडी ताडून पाहिली की तो बहुतेक वेळा उघडा पडतो.

वापराच्या दृष्टीने अँटिक फर्निचरला मी सरसकट चांगले गुण देणार नाही. पेट्या, लिहिण्याची मेजे, आरशांच्या चौकटी आणि खणांची कपाटे उत्तम चालतात. जुन्या काळचे कपड्यांचे कपाट मात्र दिसायला कितीही भारदस्त असले तरी बरेचदा उथळ निघते. हँगर आडवा लावायचा तर आतून सुमारे ५५ ते ६० सेंटीमीटर खोली लागते, आणि ती नसली तर दार लागत नाही. डुगडुगणाऱ्या जुन्या खुर्चीची चिंता त्या मानाने कमी करावी. तिचे सांधे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असतात. तो ऊब आणि ओलाव्याने मऊ होतो, सांधा इजा न होता सुटतो आणि नव्या सरसाने पुन्हा बसतो. अशा सांध्यात कोणी आधुनिक गोंद ओतून ठेवला असेल तर पुढच्या दुरुस्तीत लाकूडच फाटण्याची भीती असते. जुने पॉलिश खरवडून वस्तू चकचकीत करण्याचा मोहही आवरावा, कारण त्यात तिचे मोल आणि रूप दोन्ही जाते. लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावून पाहावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि ते न काढता त्यावरच नवा हात देता येतो.

तिघांत माझे झुकते माप व्हिंटेजला आहे, विशेषतः विसाव्या शतकाच्या मध्यातील लाकडी टेबले, खुर्च्या आणि पुस्तकांच्या मांडण्यांना. त्यांची मापे आजच्या वापराशी जुळतात: बैठक जमिनीपासून सुमारे ४५ सेंटीमीटर आणि टेबल ७५ च्या आसपास. त्या काळच्या चांगल्या वस्तूंवरचे व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर, आजच्यापेक्षा अनेकदा जाड असते आणि हलक्या हाताने घासणे सोसते. आजचे व्हिनिअर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असल्याने पॉलिश पेपर थोडा जास्त फिरला की खालचा बोर्ड दिसू लागतो. या प्रकाराचा कच्चा दुवा म्हणजे गाद्या. जुना फोम आतून भुगा होत जातो, आणि फोम, पट्टे व कापड बदलण्याचा खर्च सांगाड्याच्या किमतीपेक्षा सहज वर जातो. म्हणून व्हिंटेज सोफ्याची किंमत केवळ सांगाड्याची समजूनच ठरवावी. रंगवलेल्या वस्तूंबाबत तर मी कठोर आहे: शिसेयुक्त रंग पूर्वी सर्रास वापरले जात, अमेरिकेतही घरगुती वापरासाठी त्यांवर बंदी आली ती १९७८ मध्ये, त्यामुळे जुना, पोपडे सुटलेला रंग लहान मूल असलेल्या घरात नको आणि तो कोरडा घासणे तर नकोच. लाकडाला बारीक भोके असतील तर वस्तू कागदावर ठेवून काही दिवस वाट पाहावी. ताजी, फिकट भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, आणि तिच्यावर उपचार होईपर्यंत ती वस्तू घरात इतर लाकडाशेजारी आणू नये.

पाळणा, गादी आणि दिवसभर बसून काम करण्याची खुर्ची या तीन गोष्टी नव्याच घ्याव्यात. पाळण्याच्या दोन गजांमधील अंतर सुमारे ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे हा नियम अमेरिकेत १९७० च्या दशकात आला, आणि एक बाजू खाली सरकणारे पाळणे तिथे २०११ पासून विकता येत नाहीत. जुना पाळणा कितीही सुबक असला तरी या नियमांच्या आधीचा असू शकतो.

नव्या फर्निचरवर ‘सुटे येते, घरी जोडावे लागते’ असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो मला पटत नाही. टोनेट या फर्निचर कंपनीची वाफेने वाकवलेल्या लाकडाची चौदा क्रमांकाची खुर्ची १८५९ मधली. तिचे मुख्य भाग अवघे सहा, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. स्क्रूने जोडलेली असल्यामुळेच ती सहज दुरुस्त होते. खरा दोष पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेल्या फळीचा आहे. त्यात स्क्रू पहिल्यांदा घट्ट बसतो, पण घर बदलताना काढून परत लावला की भोक सैल होते, आणि कडेने पाणी शिरले तर फुगलेला बोर्ड पुन्हा पूर्ववत होत नाही. अशा बोर्डांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, म्हणून निदान ई-१ दर्जाची (हा वायू कमी सोडणाऱ्या बोर्डाची) खूण मागावी, आणि नवे कपाट भरण्याआधी दारे उघडी ठेवून हवा खेळू द्यावी. उंच आणि हलके कपाट भिंतीला पक्के करावे. मूल उघड्या खणावर चढले की ते पुढे कलंडते.

‘सॉलिड वुड’ म्हणून विकले जाणारे नवे टेबल घेताना खाली वाकून वरचा फळा चौकटीला कसा धरला आहे ते पाहावे. लांबट भोकांतून बसवलेले स्क्रू किंवा खाचेत सरकणारे लाकडी ठोकळे असतील, तर ऋतूनुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडाला जागा ठेवलेली आहे. फळा सगळ्या बाजूंनी गोंद लावून घट्ट आवळलेला असेल, तर तो पुढे कोरड्या हवेत तडकण्याची बरीच शक्यता आहे, आणि त्या टेबलासाठी सलग लाकडाचा वाढीव दर देऊ नये.