गार्डन हॉटेलात निळ्या दिव्याची पेटी: घ्यावी का, आणि त्याआधी काय घ्यावं

धुळे-सोलापूर रस्ता असो की लातूर-नांदेड, लिंबाखाली टेबलं मांडलेल्या गार्डन हॉटेलात खांबाला माशा मारायची निळ्या दिव्याची पेटी हमखास दिसते. तिच्याच खाली बसलेलं गिऱ्हाईक एका हाताने माशा वारत दुसऱ्या हाताने शेवभाजी खात असतं. यात पेटीचा दोष नाही, जागेचा आहे.

पेटीतल्या नळ्या साधारण 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात आणि माशी त्याकडे ओढली जाते. पण दुपारी उघड्यावर सूर्यापुढे त्या दोन नळ्यांचं काही चालत नाही. अंधार पडल्यावर पेटी तडतडायला लागते, ती पाकोळ्यांनी आणि पावसाळी किड्यांनी. घरमाशी तोवर वायरीवर, दोरीवर, शेडच्या अँगलवर जाऊन बसलेली असते. बाहेरच्या बैठकीसाठी पाचात एक गुण.

स्वयंपाकघरात हीच पेटी साडेतीन गुण घेते. घ्यायची तर चिकट पुठ्ठ्याची घ्या. करंटच्या जाळीवर माशी फुटते आणि तिचे तुकडे उडतात, म्हणून ती ओट्याजवळ नकोच. पेटी दीड ते दोन मीटर उंचीवर लावा. दारातून किंवा खिडकीतून तिचा उजेड बाहेर दिसला की ती बाहेरच्या माशांना आत बोलावते. नळ्या वर्षाला बदलाव्यात, पावसाळ्याआधी. दिवा निळा दिसत राहतो, पण अतिनील प्रकाश घटलेला असतो.

वासाची पिशवी, म्हणजे पाणी घालून टांगायचा सापळा, माशा भरपूर पकडतो. म्हणूनच ती टेबलाजवळ नको. बैठकीपासून किमान आठ-दहा मीटर लांब, उकिरड्याच्या बाजूला, वारा बैठकीकडून तिकडे जात असेल अशी टांगा. पाणी भरलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या टांगायचीही पद्धत आहे. त्यांनी माश्या हटत नाहीत.

आता खरी खरेदी: पायाने उघडणारी, घट्ट झाकणाची कचरापेटी. माशीची अंडी 8 ते 24 तासांत फुटतात आणि उबदार, दमट हवेत अंड्यापासून उडती माशी व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे खरकटं रोज हललं तर साखळी तुटते. पेटी घेताना पायाची दांडी आणि तार दाबून बघा. पहिली मोडते ती तारच. मग पोऱ्या झाकण सुतळीने वर बांधून ठेवतो आणि पेटी घेऊन न घेतल्यासारखी होते. आत पिशवी असली तरी तळाला रस गळतो. तो आणि काठाखालची चिकट पट्टी रोज रात्री ब्रशने घासायची. पेटी टेबलांपासून लांब, फरशीवर किंवा सिमेंटवर ठेवा. अळ्या मोठ्या झाल्या की कोशात जायला ओल सोडून आसपासच्या कोरड्या, भुसभुशीत मातीत शिरतात. पेटीखाली माती असली की त्यांना आयतीच जागा मिळते. हिरव्या चकचकीत माशा दिसल्या तर मटणाची हाडं, आतडी किंवा जवळपास मेलेला प्राणी शोधा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे टेबल पुसायचं फडकं. सकाळी भिजवलेलं एकच फडकं दुपारपर्यंत रश्शाचं तेल, कांद्याचं पाणी आणि ताक पीत राहतं. त्याने पुसलेलं टेबल चकाकतं, पण त्यावर आंबूस थर बसतो आणि गिऱ्हाईक उठायच्या आत तिथे माशी येते. उपाय दोन बादल्यांचा. पहिलीत साबणाचं पाणी. दुसरीत 10 लिटर पाण्याला साधारण 7 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, तीही ताजी, 30 टक्के क्लोरीनची. उघड्या पोत्यातल्या पावडरीत जोर उरत नाही. ब्लीचिंगमध्ये अॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आणि बसलेल्या तेलकट थरावर नुसतं ब्लीचिंग ओतणं वाया जातं, आधी साबणाने घासावं लागतं.

टँकरचं पाणी विकत घेणाऱ्यांनी धुण्याआधी कोरडं काढायची सवय लावावी. ताटातला भात, पोळी रबरी पट्टीने कचरापेटीत ढकला, मग ताट मोरीत न्या. पाणी कमी लागतं आणि नालीत घट्ट ऐवज जात नाही. मागच्या काळ्या मातीत सोडलेलं सांडपाणी लवकर जिरत नाही, डबकं होतं आणि खरकटं त्यातच कुजतं. मोरीच्या तोंडाशी केसाळ, बारीक माशा दिसल्या तर त्या नालीतल्या बुळबुळीत थरात वाढतात. तो थर फिनेलने निघत नाही. लांब दांड्याच्या ब्रशने आतून खरवडावा लागतो. सांडपाण्यातलं तेल अडवायचा चेंबर चौथाई भरला की उपसा.

यानंतर पंखा. माशीला जोराच्या वाऱ्यात नीट उतरता येत नाही. स्टँडचे पंखे टेबलाच्या पातळीवर आडवे वाहतील असे लावा. छताचा पंखा इतका उपयोगी नाही. चार गुण.

फवाऱ्याचं औषध शेवटी, तेही जेवण चालू नसताना. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. कुणी ते काढून दिलं तर घेऊ नका. माशा मारायची दाणेदार गोळी फक्त उकिरड्याजवळ, कुत्र्या-पोरांच्या हाती लागणार नाही अशी.

फरक पडतोय का, हे पोल्ट्रीवाल्यांच्या युक्तीने मोजता येतं. पोस्टकार्डाएवढे पाच-सहा पांढरे पुठ्ठे माश्या बसतात त्या खांबांना बांधा आणि सात दिवसांनी त्यावर माशांनी टाकलेले काळे ठिपके मोजा. पुठ्ठ्यावर शंभराच्या वर ठिपके असले तर आधी त्याच खांबाजवळची कचरापेटी, मोरी आणि फडकं बघा. पुठ्ठ्यावर तारीख टाका आणि पुढच्या आठवड्यात जागा बदलू नका, नाहीतर तुलनाच होत नाही.