कीमो पोर्ट: खर्च जास्त, तरी घ्याच

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डाव्या काखेतल्या गाठीही काढल्या. त्या हाताला आता सुई नको, बीपीचा पट्टाही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. राहिला उजवा हात, आणि त्याच्या शिरा मुळातच बारीक. कीमोआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), दातांची तपासणी सगळं करून घेतलं, पण खरी उपयोगी पडलेली तयारी पोर्टची, म्हणजे कीमोचं औषध थेट मोठ्या शिरेत सोडायच्या डबीची.

दहा रुपयांच्या नाण्याएवढी ही डबी उजव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत बसवली. तिची नळी मानेजवळच्या शिरेतून हृदयापाशी जाते. भूल जागेपुरतीच होती. दुखलं नाही, ओढल्यासारखं मात्र जाणवलं. नंतर मान अवघडली होती आणि उजव्या कुशीवर झोपवत नव्हतं.

पण कीमोच्या खुर्चीत बसल्यावर त्याचं मोल कळलं. अ‍ॅड्रियामायसिन, ज्याला वॉर्डात सगळे 'लाल औषध' म्हणतात, ते शिरेबाहेर गळलं तर आतलं मांस जळतं. सिस्टर ते सिरिंजने हळूहळू सोडतात आणि मध्येमध्ये रक्त मागे ओढून सुई जागेवर आहे ना ते बघतात. शेजारच्या ताईंच्या हाताला गरम पाण्याची पिशवी लावून शीर शोधणं चालू होतं, तोवर माझं सलाइन सुरूही झालं. सुई टोचायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावलं की टोचल्याचं फारसं कळत नाही. सलाइन सोडताना तोंडात विचित्र खारट चव येते, म्हणून लिमलेटची गोळी जवळ ठेवा. ब्लाउज पुढून उघडणाराच घाला.

अर्धा तारा कापते तो रुग्णालयासाठी. पोर्टला वाकडी ह्यूबर सुई लागते, तिचे पैसे दर वेळी वेगळे. उपचार संपल्यावरही पोर्ट काढेपर्यंत तो ठरावीक दिवसांनी फ्लश करावा, म्हणजे आत द्रव सोडून साफ ठेवावा लागतो. यातलं काहीही आधी दिलेल्या अंदाजपत्रकात नव्हतं. तुम्ही लेखी मागून घ्या.

शिरा चांगल्या असतील आणि मोजकेच डोस असतील तर पोर्टची गरज नसेलही, डॉक्टरांना विचारा. बसवलात तर तिथे लाली, हाताला सूज किंवा थंडी वाजणं अंगावर काढू नका. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालय गाठायचं. पोर्टचं कार्ड पर्समध्येच असू द्या, सीटी स्कॅनच्या वेळी पोर्ट कुठल्या प्रकारचा ते त्यावरूनच बघतात.

पाचपैकी साडेचार.