हापूसची ऑनलाइन विक्री: एकच लँडिंग पेज की जाहिरातीसाठी वेगळं?

देवगड-रत्नागिरीचा हापूस थेट बागेतून विकणाऱ्यांनी हा निर्णय मार्चआधीच घेतलेला बरा. गुगलच्या शोधातही वर यायचंय आणि जाहिरातीवरून आलेल्या गिऱ्हाइकाकडून ऑर्डरही हवीय, तर लँडिंग पेज, म्हणजे लिंक दाबल्यावर गिऱ्हाईक ज्या पानावर येतं ते, एक ठेवायचं की दोन?

शोधातून येणारा अजून चौकशी करत असतो. फळ किती ग्रॅमचं, कच्चं येणार की पिकलेलं, अढी कशी लावायची, २०१८ साली मिळालेल्या जीआय (भौगोलिक ओळखीच्या) मानांकनाखाली तुमची नोंदणी आहे का. जाहिरातीवरून आलेल्याला पेटीचा भाव, आपल्या पिनकोडला माल येतो का आणि पैसे भरायचं बटण एवढं दिसलं की पुरे.

एकच पान ठेवलं तर बाहेरून मिळणाऱ्या सगळ्या लिंक एकाच पत्त्यावर जमा होतात आणि भाव एकाच जागी बदलावा लागतो. मोबाइलच्या पहिल्या स्क्रीनवर डझनाचा भाव, वजन, पिनकोडची चौकट आणि बटण ठेवा. अढीपासून परताव्यापर्यंतचा मजकूर त्याखाली. तो खाली गेला म्हणून गुगल वाचायचं सोडत नाही. घोळ होतो तो फोटोंमुळे. वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग (फोटो आधीच न उतरवता नजरेसमोर येताना उतरवणं) लावलं की तो उशिरा उमटतो. मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. सवलतीची पट्टी मागाहून वरून टपकली तर बटण खाली सरकतं आणि बोट भलत्याच ठिकाणी पडतं. पट्टीची जागा आधीच राखून ठेवा, फोटोंची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहा.

वेगळ्या पानावर मेनू काढता येतो, मजकूर छाटता येतो, आणि ऑफर रोज बदलली तरी शोधातल्या पानाला धक्का लागत नाही. मात्र दोन्ही पानं जवळपास सारखी असली तर गुगल त्यातलं एकच निवडतं, आणि ते नेमकं जाहिरातीचं निघू शकतं. म्हणून जाहिरातीच्या पानावर नोइंडेक्स, म्हणजे हे पान शोधात दाखवू नका अशी गुगलसाठीची कोडमधली सूचना, लावा. जाहिरात त्याने थांबत नाही. तेच पान रोबोट्स फाइलमध्येही (गुगलने कुठली पानं वाचायची नाहीत हे सांगणारी फाइल) अडवू नका. अडवलं तर गुगलला नोइंडेक्स वाचताच येत नाही आणि पत्ता निकालात येऊ शकतो. शिवाय एका पानावर नवा भाव, दुसऱ्यावर जुना, हा गोंधळ ऐन हंगामात होतोच.

आमचा कौल छोट्या बागायतदारासाठी एकाच पानाला. दिवसाला पाच-दहा ऑर्डरींवर कुठलं पान सरस हे हंगाम संपेपर्यंतही खात्रीने कळत नाही. घरगुती पेट्या आणि कंपन्यांच्या भेटपेट्या असे दोन वेगळे ग्राहक असतील, तरच दोन पानं परवडतात.

दोन्हीपैकी काहीही निवडा, पण शोधातलं पान जूनमध्ये उडवू नका. पत्त्यात सालही नको. आंबा संपला की बटणाच्या जागी पुढच्या हंगामासाठी मोबाइल नंबर घ्या. पान काढून टाकलं तर गुगल ते यादीतून काढतं आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.