कार्बामाझेपिन वर्षभर घेतल्यावर: स्ट्रिपवर ‘सीआर’ आहे का ते आधी बघा

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, काय असतं हे तो भोगणाऱ्यांना सांगायला नको. दात घासताना, भाकरी चावताना, स्कूटरवर नुसता वारा लागला तरी उजव्या गालातून करंट जातो. माझी एक चांगली दाढ या दुखण्यापायी आधीच उपटून झाली होती. त्यावरच मी वर्षभर कार्बामाझेपिनची गोळी घेते आहे.

लिहायला बसले ती औषधाच्या दुकानातल्या भांडणामुळे. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय: 200 मिलिग्रॅम, सीआर (म्हणजे कंट्रोल्ड रिलीज), सकाळ-रात्र. दुकानातल्या मुलाने साधी 200ची स्ट्रिप दिली. चक्कर यायला लागली, एकाचे दोन दिसायला लागले, आणि पहाटे चूळ भरली की गाल पेटायचा. स्ट्रिप उलटून पाहिली तेव्हा उलगडा झाला. सीआर गोळीतलं औषध हळूहळू सुटतं. साधीतलं लवकर सुटतं, म्हणून घेतल्यावर डोकं गरगरतं आणि पुढच्या गोळीआधी औषधाचा असर उतरून दुखणं परत येतं. परत घेऊन गेले तर म्हणे, “ताई, औषध एकच आहे, उलट स्वस्त पडतं. कापलेली स्ट्रिप परत घेत नाही.” चार पैसे वाचवणं मलाही कळतं. पण चिठ्ठीतली दोन अक्षरं गाळायचा हक्क दुकानाला कोणी दिला? मालक आल्यावर बदलून मिळाली. सीआर गोळी चावायची किंवा कुटायचीही नाही, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

आता गोळीबद्दल. पहिल्या काही दिवसांतच दुखणं जवळजवळ थांबलं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने स्वस्तही आहे. महिन्याभराने मात्र जोर कमी झाल्यासारखा वाटला. हे औषध यकृताला स्वतःचाच निचरा वेगाने करायला लावतं, त्यामुळे डोस वाढवावा लागतो, असं डॉक्टरांनी समजावलं. अंगावर पुरळ आलं तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

इथवर माझं मत पक्कं होतं: गोळ्या आयुष्यभर चालतील, पण डोक्याला चिरा नको. मग डोस वाढला आणि रक्तातलं सोडियम 128 पर्यंत उतरलं. असायला हवं 135च्या वर. पायात बळ नाही, वर्गात शब्द आठवेनात. तेव्हा एमआरआय नीट समजून घेतला. रक्तवाहिनीचं वेटोळं नसेच्या मुळाशी टेकलेलं आहे. कानामागून कवटीला छोटं भोक पाडून ती वाहिनी बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. अमेरिकेतल्या पीटर जानेटा यांनी ही पद्धत रुळवली. 1996 साली त्यांच्या रुग्णांचा जो अभ्यास छापून आला, त्यात 10 वर्षांनीही सुमारे 70 टक्के लोकांना उत्तम आराम होता. सुई घालून नस जाळण्याचा मार्गही आहे. तो सोपा, पण गाल बधिर होतो आणि दुखणं परतण्याची शक्यता जास्त.

म्हणून आता मी शस्त्रक्रियेकडे झुकले आहे. धास्ती एकच, त्याच बाजूच्या कानाची. ऐकण्याची नस तिथेच शेजारी असते. ज्यांनी करून घेतली आहे त्यांनी कानाचं काय झालं ते लिहा. मी शाळेत शिकवते, शेवटच्या बाकावरचा पोर काय पुटपुटतो ते मला ऐकू यायला हवं.