पणजीतलं संधिवाताचं क्लिनिक: भावाच्या तापाला इथे नाव मिळालं

आम्ही फोंड्याचे. माझ्या धाकट्या भावाला (वय ३१) चवथीच्या आधी ताप सुरू झाला तो दिवाळी आली तरी जाईना. रोज संध्याकाळी सहा-साडेसहाला थंडी वाजून १०३, रात्री घाम फुटून उतरायचा आणि सकाळी हा चहा पिऊन पेपर वाचत बसलेला. पावसाचे दिवस, त्यामुळे आधी मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो सगळं बघून झालं, त्यात चूक नाही कोणाची, सगळं निगेटिव्ह आलं तरी अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. घसा सतत दुखायचा आणि मनगटं-गुडघे इतके धरायचे की शर्टाची बटणं आई लावून द्यायची. एका ठिकाणी तर टेन्शनमुळे होतंय म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी या क्लिनिकला पाठवलं. डॉक्टर मॅडमनी पाऊण तास दिला, पाऊण तास! पहिला प्रश्न, ताप किती वाजता येतो. दुसरा, तेव्हा अंगावर काही उठतं का. उठायचं ना, छातीवर आणि दंडावर फिकट गुलाबी चट्टे, पण ताप उतरला की गायब, आणि ओपीडी सगळ्या सकाळच्या, म्हणून एकाही डॉक्टरनी ते बघितलेच नव्हते. माझ्या मोबाइलवर दोन फोटो होते, ते त्यांनी मोठे करून करून बघितले आणि फेरिटिन (शरीरातलं लोह साठवणारं प्रथिन) रक्तात किती आहे ते बघायला सांगितलं. पुरुषांत साधारण ३००-४०० पर्यंत असतं ते याचं ११,००० च्या वर आलं. पांढऱ्या पेशीही वाढलेल्या, १८,०००.

आजाराचं नाव अ‍ॅडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज. मॅडमनी कागदावर काढून समजावलं की शरीराची जी जन्मजात, पहिल्या फळीची प्रतिकारशक्ती असते ती जंतू नसतानाच पेटून उठते, अँटीबॉडीचा हा खेळ नाही म्हणून आरए फॅक्टर आणि एएनए या अँटीबॉडी बघणाऱ्या संधिवाताच्या रक्ततपासण्या निगेटिव्ह येतात. आम्ही ते निगेटिव्ह बघून संधिवात नाही म्हणून निश्चिंत झालो होतो! पण एका टेस्टवर शिक्का मारत नाहीत, फेरिटिन दुसऱ्या आजारांतही वाढतं, म्हणून टीबी, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), रक्तातलं इन्फेक्शन नाही ना याची खात्री करूनच औषध सुरू केलं. त्यात आठ-दहा दिवस गेले, आम्ही घाई करत होतो, त्या बधल्या नाहीत आणि बरोबर केलं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर तिसऱ्या संध्याकाळी ताप आला नाही, आई थर्मामीटर घेऊन आठ वाजेपर्यंत त्याच्या शेजारी बसून होती. नंतर मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, आठवड्यातून एकदाच. नर्सनी पाकिटावर लाल पेनानी "फक्त रविवार" लिहून दिलं, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही हे भावाकडून दोनदा वदवून घेतलं. एवढ्याने भागलं नाही तर टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन असतं, महाग आहे हेही आधीच सांगून ठेवलं. आणि ताप दिवसभर राहायला लागला, रक्तातल्या पेशी एकदम खाली गेल्या, कुठून रक्त यायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

एक स्टार कमी देतेय. पहिला मजला आणि लिफ्ट नाही, गुडघे धरलेल्या माणसाला दर पायरीवर थांबत न्यावं लागलं. अपॉइंटमेंट ११ ची, नंबर दीडला. फोन पण पटकन उचलत नाहीत.

जाणार असाल तर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, तापाच्या वेळा वहीत लिहा आणि अंगावर काही उठलं की तिथल्या तिथे फोटो काढा, सकाळी काही दिसणार नाही. भावाचा स्टेरॉइडचा डोस आता ५ मिलिग्रॅमवर आलाय, पुढचं फेरिटिन महिन्याने.