स्प्रिंग ब्रेकला वादळग्रस्तांची घरं बांधायला जायचंय? हॅबिटाट, एसबीपी की अजून कुणी

दर फॉलमधे आपल्या मराठी स्टुडंट ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, की युनिव्हर्सिटीची अल्टरनेटिव्ह ब्रेकची (सुट्टीत फिरण्याऐवजी सेवेला जायची) ट्रिप आहे, न्यू ऑर्लिन्सला घरं बांधायला नेतायत, जाऊ का, आणि हॅबिटाट बरं की एसबीपी (दोन्ही व्हॉलंटियर घेऊन घरं उभी करणाऱ्या संस्था). मी दोन्हीकडे बिगारी काम केलंय, ऑल हँड्स या तिसऱ्या संस्थेकडे पूर्ण समर काढलेली मंडळी ओळखीची आहेत, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी हे ठरवा की तुम्हाला मोडायचंय की बांधायचंय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि संस्थेच्या नावापेक्षा याच्यावर जास्त अवलंबून आहे.

मोडायचं म्हणजे गटिंग. कॅटरिना वादळ आलं 29 ऑगस्ट 2005 ला, पण शहर बुडालं ते बांध फुटल्यामुळे, जवळजवळ 80 टक्के न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं आणि कित्येक भागांत ते पाणी आठवडेच्या आठवडे हटलं नाही. लाकडी सांगाड्याचं घर इतकं भिजलं की भिंतीच्या आत बुरशी, ती वरून रंग मारून जात नाही. मग आतून सगळं सोलून काढायचं, म्हणजे फ्रीज न उघडता टेपने गुंडाळून बाहेर (उघडलात तर दिवसभर जेवण जाणार नाही), गाद्या, सोफे, मग ड्रायवॉल (भिंतीला ठोकलेल्या जिप्समच्या शीट), मग त्याच्या मागचं इन्सुलेशन, शेवटी नुसते उभे लाकडी वासे राहतात ते तारेच्या ब्रशने घासायचे आणि बुरशीचं औषध मारायचं. 2006 च्या स्प्रिंग ब्रेकला हजारो कॉलेजची पोरं पांढरे सूट आणि मास्क घालून हेच करत होती, कॉमन ग्राउंडसारखे स्थानिक गट होते, चर्चचे गट होते. याला स्किल लागत नाही आणि संध्याकाळपर्यंत काम दिसतं. पण कुणाच्यातरी लग्नाचे अल्बम, पोरांची रिपोर्ट कार्डं फावड्याने उचलून रस्त्याकडेच्या ढिगात टाकायची असतात आणि कधीकधी घरमालकीणबाई तिथेच खुर्ची टाकून बसलेल्या असतात, हे झेपणार का ते बघा. त्या घरांच्या दारांवर शोधपथकांनी स्प्रेने मारलेली फुलीची खूण असायची, वरच्या खणात तारीख, डावीकडे पथक, उजवीकडे धोका काय, आणि खाली आत किती माणसं सापडली तो आकडा.

आता गंमत अशी की वादळं येतात ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरला आणि तुमचा ब्रेक असतो मार्चमधे. म्हणजे तुम्ही जाईपर्यंत गटिंग बहुतेक उरकलेलं असतं, टीव्हीवाले गेलेले असतात, आणि घर नुसत्या सांगाड्यावर अडकून पडलेलं असतं कारण पैसे संपलेत. न्यू ऑर्लिन्सला हे फार झालं. लुइझियानाची रोड होम नावाची सरकारी मदत होती, तिचा हिशोब असा की घराची वादळाआधीची किंमत किंवा दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी असेल त्यावरून मदत. आता लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या काळ्या वस्तीतल्या घराची बाजारभावाने किंमतच कमी, पण ड्रायवॉल आणि मजुरी तर सगळ्यांना त्याच भावाने, त्यामुळे काळ्या वस्त्यांमधल्या लोकांच्या हातात दुरुस्तीला पुरेल एवढं आलंच नाही, 2008 मधे त्यावर कोर्टात केसही झाली. वर कॉन्ट्रॅक्टर ॲडव्हान्स घेऊन पळाले ते वेगळंच. म्हणून माझं स्पष्ट मत, आठवडाभरासाठी जाणाऱ्याने ताज्या वादळाच्या मागे धावू नये, दोन-तीन वर्षं जुन्या वादळाकडे जावं. तिथे माणसं कमी पडतात आणि काम व्यवस्थित लागलेलं असतं.

तर एसबीपी. हे मूळचं सेंट बर्नार्ड प्रोजेक्ट, न्यू ऑर्लिन्सला लागून असलेल्या सेंट बर्नार्ड पॅरिशमधे (पॅरिश म्हणजे तिथला जिल्हा) 2006 ला लिझ मॅकार्टनी आणि झॅक रोझेनबर्ग या वॉशिंग्टनहून आलेल्या दोघांनी सुरू केलं, मूळचे बिल्डर वगैरे काही नाहीत. ते मुख्यतः नवीन घर बांधत बसत नाहीत, अडकलेलं जुनं घर पूर्ण करून त्याच माणसाला परत देतात. टोयोटाच्या लोकांनी येऊन त्यांची कामाची पद्धत बदलून दिली आणि एका घराला लागणारे दिवस जवळपास निम्म्यावर आले. साइटवर ते जाणवतं, कुठल्या दिवशी कोणतं काम हे बोर्डवर लिहिलेलं, सामान आधीच आलेलं, तुम्ही गेलात की हातात लांबी भरायची पाटी आणि पत्रा.

तुमच्या वाट्याला बहुतेक येणार ड्रायवॉल किंवा ‘मड’. मड म्हणजे दोन शीटच्या जोडावर टेप लावून त्यावर मारायचं ते मिश्रण, आपले पेंटर लांबी भरतात ना, अगदी तेच काम. वाटतं सोपं पण पहिला हात नेहमी जाड बसतो, मग तो वाळला की सँडपेपरने घासा, नाकातोंडात पांढरी धूळ, परत पातळ हात, परत घासा. साइट लीड म्हणजे कामावर देखरेख करणारी, तुमच्याच वयाची एखादी अमेरिकॉर्प्सची (सरकारी सेवा योजनेतली) मुलगी, ती येऊन टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरते आणि त्या तिरक्या उजेडात प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसतो. दिवसभराचं काम बघून ती गोड हसून म्हणते अजून एक कोट. मला हा प्रकार जाम आवडला, कारण व्हॉलंटियर आहेत म्हणून चालवून घेऊ असं तिथे नव्हतं, त्या घरात कुणीतरी पुढची तीस वर्षं राहणार आहे.

हॅबिटाटचं वेगळं. ते मुख्यतः नवीन घर बांधतात आणि फुकट देत नाहीत, कुटुंबाला परवडेल अशा हप्त्याने विकतात, शिवाय त्या कुटुंबाने स्वतः ठरलेले तास बांधकामावर राबायचं असतं. त्यामुळे तुमच्या शेजारी हातोडा मारणारी बाई उद्याची मालकीण असू शकते आणि दुपारच्या सँडविचवर ज्या गप्पा होतात त्या एसबीपीला कमी होतात, तिथे घरमालक बऱ्याचदा नोकरीवर किंवा दुसऱ्या गावी असतात. न्यू ऑर्लिन्समधलं त्यांचं गाजलेलं काम म्हणजे अप्पर नाइन्थ वॉर्डमधलं म्युझिशियन्स व्हिलेज, हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या तिथल्याच संगीतकारांची कल्पना, 72 घरं, रंगीबेरंगी, समोर ओटा, बरीचशी वादकांसाठी. तिथेही सगळं आलबेल नव्हतं, काही घरांत गंधकाचा वास मारणारं आणि तांब्याच्या वायरी खाणारं चायनीज ड्रायवॉल निघालं आणि भिंती परत उघडाव्या लागल्या. पण घराचं डिझाइन साधं असल्याने ते निस्तरता आलं. याउलट ब्रॅड पिटच्या मेक इट राइट या संस्थेने लोअर नाइन्थमधे भारी आर्किटेक्ट लावून शंभरावर घरं बांधली, ती गळायला आणि कुजायला लागली आणि 2018 ला रहिवाशांनी केस टाकली. दमट हवेत बोअरिंग घरच टिकतं, असो.

हॅबिटाटची अडचण अशी की तुम्ही जाल त्या आठवड्यात घर कोणत्या टप्प्यावर आहे ते नशीब. वासे उभे करायच्या दिवशी गेलात तर मजा, नाहीतर आठवडाभर साइडिंग (बाहेरच्या भिंतीवरच्या पट्ट्या) आणि रंग. आणि एकटादुकटा असाल तर जरा पोरकं वाटतं, कॉलेजात हॅबिटाटचा चॅप्टर (शाखा) असेल तर मात्र राहण्या-जेवण्याची सगळी सोय लावून मिळते. ग्रुपकडून डोनेशन घेतात, त्याला नाकं मुरडू नका, विमा आणि सामान त्यातूनच येतं.

ऑल हँड्स अँड हार्ट्स हे महिनाभर तरी मोकळा असलेल्यांसाठी. राहणं-खाणं ते देतात, बंक बेड, सामायिक बाथरूम, आठवड्यातले सहा दिवस काम. हार्वी वादळानंतर टेक्सासला होते, मारियानंतर पोर्टो रिकोला, डोरियननंतर बहामाजला. जगभरची माणसं भेटतात आणि हात खरंच तयार होतो. एफ-1 (स्टुडंट व्हिसा) वाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, पोर्टो रिको अमेरिकेतच धरतात पण बहामाज परदेश आहे, आय-20 वर (युनिव्हर्सिटीने दिलेल्या फॉर्मवर) ट्रॅव्हलची सही आणि व्हिसाची तारीख बघूनच तिकीट काढा.

अमेरिकॉर्प्सचाच पूर्णवेळ टीम प्रोग्रॅम एनसीसीसी, त्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी एकच ओळ, ते सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच, 18 ते 26 वय, भत्ता मिळतो म्हणून स्टुडंट व्हिसावर विषयच संपला. इथेच वाढलेल्या आपल्या पोरांना चांगलं होतं, पण एप्रिल 2025 मधे कपातीत सगळ्यांना मधेच घरी धाडलं, त्यामुळे आता आधी चालू आहे का ते बघा. बाकी बिनपैशाच्या व्हॉलंटियरिंगला एफ-1 वर अडचण येत नाही, तरी इंटरनॅशनल ऑफिसला एक मेल टाकून ठेवा.

आणि ज्यांच्याकडे नुसता वीकेंड आहे त्यांनी विमानाचं तिकीट काढू नये, तेवढे पैसे पाठवावेत. हे ऐकायला कोरडं वाटतं पण दोन दिवसांत एक दिवस तर शिकवण्यातच जातो आणि तो साइट लीडचाही जातो. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरकडे लोकांना पाहुणे नको होते, पत्रे हवे होते.

मला विचाराल तर पहिल्यांदा जाणारा, एकटा किंवा दोघं-तिघं, एक आठवडा, असं असेल तर एसबीपी. दहा-बारा जणांचा ग्रुप आणि कॉलेज मागे असेल तर हॅबिटाट. थीसिस सबमिट करून मोकळे झाला असाल तर ऑल हँड्स, डोळे झाकून. कुठेही जा, फोन करून विचारा की साइटवर फुलटाइम लीड कितीजणांमागे एक असतो, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर सोडून द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर घेऊन टाका, बूट जाड तळाचे, जीन्स फेकून द्यायच्या लायकीची. आणि न्यू ऑर्लिन्स असेल तर कॅलेंडरवर मार्डी ग्रा (तिथला मोठा कार्निव्हल) कधी आहे ते बघून तारखा ठरवा, त्या आठवड्यात हॉस्टेलची खाट हॉटेलच्या भावाने जाते.